साडेतीन एकरांचा ताबा

भिमाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते कर्जतच्या तहसील कचेरीसमोर. तिथं लिंबाखाली माझं अर्ज लिहायचं टेबल आहे. तेव्हा टाईपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. तिचा नवरा रंभाजी मजकूर सांगत होता आणि ती त्याच्यामागं उभी होती.

"विनंती लिहू नका," ती मला म्हणाली. "आमचंच हाय ते. विनंती कशाची?"

"तिचं सोडा, तुमी लिहा," रंभाजी म्हणाला. मी 'नम्र विनंती' असंच लिहिलं.

प्रकरण साधं होतं. वतनातली साडेतीन एकर जमीन रंभाजीच्या वडिलांच्या नावावर होती. बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायच्या कामावर गेलं. वर्षानं परत आलं, तर शेजारच्या अमृतरावांच्या वडिलांनी बांध मोडून त्यात ज्वारी पेरलेली. तेव्हापासून सातबारा यांचा आणि पीक त्यांचं.

रंभाजीचा भरवसा समोरासमोर बसून बोलण्यावर. दर हंगामाला तो अमृतरावांच्या ओट्याखाली जाऊन बसायचा. वस्तीत जय भीम म्हणणारा माणूस तिथं 'रामराम दादा' म्हणायचा. अमृतरावांनी त्याला कधी नाही म्हटलं नाही. "बघू की रंभाजी, यंदाचा कांदा निघू दे." पुढच्या वर्षी पोरीचं लग्न असायचं, त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक. सरकारी मोजणी दोनदा झाली. हद्दीचे दगड दोनदा रोवले आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत ते विहिरीत गेले. ती विहीरसुद्धा अमृतरावांनी याच जमिनीत पाडलेली होती.

"हानामारी केली तर दोन दिस आपले," रंभाजी म्हणायचा. "तिसऱ्या दिशी सगळी वस्ती मार खाईल. तेंची दोनशे घरं, आपली अकरा."

भिमाबाईनं एकदा हे मानलं नव्हतं. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, ती खुरपं घेऊन सरळ त्या रानात निंदायला बसली. अमृतरावांच्या भावानं तिला केसाला धरून बांधापर्यंत ओढत नेलं. डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत केस परत आले नाहीत. ती जागा तिनं मला पदर सारून दाखवली होती. दुसऱ्या दिवशी रंभाजी बोलायला गेला, आणि तिकडून चहा पिऊन आला. त्या चहाबद्दल तिनं त्याला कधी माफ केलं नाही.

मुलगा झाला, चेतन. त्याला ती लहानपणापासून एकच सांगत आली, "तुझ्या बापाला जीभ हाय. तुला हात हायेत."

मागच्या वर्षी, मार्चमधल्या एका दुपारी, एकोणतीस वर्षांचा चेतन कोयता घेऊन निघाला. ठिबकच्या नळ्या आणि मोटारीची केबल तोडायची, कुणी आडवं आलं तर दम द्यायचा, एवढंच ठरलं होतं. मायलेकांत ठरलं होतं. रंभाजी बाजाराला गेला होता. भिमाबाईनं चेतनला जेवू घातलं आणि दारापर्यंत सोडलं.

रानात दगडाबाई होती. रंभाजीच्या चुलतभावाची बायको, विधवा, वस्तीतच राहणारी. अमृतरावांच्या कांद्याला ती रोजानं पाणी द्यायची. चेतनला पाहून ती पळाली नाही. उलट धावत येऊन तिनं केबल हातात धरली.

"तोडू नगं रं," ती म्हणाली, "माझ्या अंगावर येईल समदं."

चेतनचा हात वर गेलेला होता. तो खाली आला, आणि दगडाबाईच्या उजव्या हाताची तीन बोटं केबलबरोबर तुटून सरीत पडली.

तिला नगरच्या दवाखान्यात नेलं ते अमृतरावांच्या जीपनं. चेतनला पोलिसांनी रानातूनच उचललं, खुनाचा प्रयत्न म्हणून. संध्याकाळी अकराही घरांवर दगड पडले. रंभाजी फुटलेली कौलं गोळा करत राहिला. 'मी सांगत होतो' असं तो बायकोला एकदाही म्हणाला नाही.

चौथ्या दिवशी भिमाबाई दवाखान्यात गेली. दगडाबाईचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर ठेवलेला होता.

"पोलिसांना खरं सांग," भिमाबाई म्हणाली. "तू मधी आलीस म्हनून लागलं."

"खरं मला परवडत न्हाई आक्का. औषधपानी कोन करतंय, बघतेस न्हवं?" मग दगडाबाईनं विचारलं, "पोराला धाडलंस तवा मी रानात आसन, हे तुला ठावं न्हवतं व्हय?"

भिमाबाई उठून आली. मला मात्र तिनं सांगितलं, "ठावं हुतं. रोज सकाळी माझ्या दारावरनंच जायाची ती."

सात महिने झाले तरी चेतन आतच होता. जामीन दोनदा नाकारला गेला. मग अमृतराव स्वतः रंभाजीला जीपमध्ये बसवून माझ्या टेबलाशी आले. मागून भिमाबाई एसटीनं पोचली.

"दगडाबाई कोर्टात म्हणंल, कोयता चुकून लागला," अमृतराव म्हणाले. "तुमी लिहून द्या, तुमच्या बापानं राजीखुशीनं ताबा दिला, तुमची तक्रार न्हाई, हक्कबी न्हाई. पोरगं घरी येईल."

रंभाजीनं नाही म्हणून मान हलवली. त्याचा आवाज इतका ठाम मी कधी ऐकला नव्हता. "इतकी वर्सं मी तुमच्याशी बोलाय आलो, दादा. हे बोलनं न्हाई. गळ्यावर पाय ठिवून इचारताय तुमी. मी सही करनार न्हाई."

"सही करा," भिमाबाई म्हणाली.

तो तिच्याकडं वळला. "मी बोलत हुतो तवा मला बायल्या म्हन्लीस. आता मी उभा ऱ्हातोय, तर वाकाय लावतीस?"

"व्हय. करा."

मी कागद काढला. रंभाजीनं सही केली, मग तिनं केली. अमृतरावांनी शाई वाळायचीसुद्धा वाट न पाहता कागद खिशात घातला.

दगडाबाईनं शब्द पाळला. चेतन सुटून आला तेव्हा उन्हाळा परत लागला होता. कागदाचं त्याला वस्तीतच कळलं होतं. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं बापाला विचारलं, "तुमी सही केली?"

"केली."

"माझं एक वरीस गेलं त्या रानापायी. आनी तुमी सही केली."

सही कुणी करायला लावली ते रंभाजीनं सांगितलं नाही. भिमाबाई चुलीपुढं बसून हे ऐकत होती. तिनंही सांगितलं नाही. चेतन तिच्या पाया पडला, बापाकडं पाठ करून जेवला आणि दुसऱ्या दिवशी चाकणला गेला. तो फोन करतो तो आईलाच. बापाचं नाव काढत नाही.

"सांगून टाका त्याला," मी तिला म्हणालो.

"मग माझ्याशी कोन बोलंल?" ती म्हणाली. "ह्येंच्या बोलन्यानं जमीन निदान कागदावर तरी हुती. माझ्या नादानं कागदबी गेला. पन ह्येंच्या बोलन्यानं पन्नास वर्सात एक वीत तरी आली का, तुमीच सांगा."

मी कागद लिहिणारा माणूस. पुढच्या माणसाचा अर्ज लिहायला घेतला.

रंभाजी आता कर्जतला येत नाही. दिवसभर समाजमंदिराच्या पायरीवर बसतो, कुणी हाक मारली तरच मान वर करतो. भिमाबाई रोज सकाळी दगडाबाईच्या घरी जाते, कारण दगडाबाईला उजव्या हातानं पीठ मळता येत नाही. हे दगडाबाईनंच मागितलं होतं, कोर्टात बोलायच्या आधी. "मी मरस्तवर," असं ती म्हणाली होती. ती अजून पन्नाशीचीही नाही. भिमाबाई परातीपुढं बसते. दगडाबाई शेजारी पाय पसरून भाकरी जाड झाली म्हणून सांगते, आणि भिमाबाई ती मोडून पुन्हा थापायला घेते.