वरची माती

आमचं पहिलं स्वतःचं घर परंड्यात, किल्ल्याच्या मागच्या बोळात. त्याआधी आम्ही भाड्यानंच राहिलो. मी बायकांचे ब्लाऊज शिवते, आणि प्रत्येक घरमालकिणीचं डोकं नेमकं माझ्या मशीनच्या आवाजानंच दुखायचं. त्यामुळं घर कसलंही असो, आपलं असो, एवढंच माझं मागणं होतं. देवानं ते शब्दशः ऐकलं.

घर म्हणजे एकापुढं एक दोन खोल्या, समोर ओटा, मागं जरासं अंगण. दोन्ही खोल्यांवर माळवद. दगडी भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं ते जुनं छत, कुणी त्याला धाबंही म्हणतं. उन्हाळ्यात खाली गार वाटतं, हे खरं आहे. पण गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती घालावी लागते. आधीच्या मालकांनी ती इमानेइतबारे घातली होती, त्यांच्या आधीच्यांनीही घातली होती. जुनी काढायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात माळवदाची भीती कुणाला शिकवावी लागत नाही. भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. पण उमरग्याकडची आमची पाहुणे मंडळी पुढं कितीतरी वर्षं चांगलं घर सोडून अंगणात पत्र्याखाली निजायची, ते मी पाहिलेलं आहे. म्हणून घर घेतानाच मी नवऱ्याला अट घातली होती की आधी माळवद उतरवायचं, मग बाकीची हौस. तो लगेच हो म्हणाला. तो सगळ्यालाच लगेच हो म्हणतो.

नवरा एसटीत कंडक्टर. गाडी कितीही भरलेली असो, अजून दोघं बसतील असं त्याला मनापासून वाटतं. घराच्या बाबतीतही त्याचं तेच. दुसरीकडं भाडं भरत इथं बांधकाम करणं झेपणार नव्हतं, म्हणून आधी मागची खोली उतरवून तिच्यावर स्लॅब टाकायचा, तोवर पुढच्या खोलीत राहायचं, मग पुढची खोली काढायची, असं ठरलं. इथपर्यंत मलाही पटलं होतं.

मिस्त्रीनं मागच्या खोलीवर टिकाव घातला. गुडघाभर खड्डा झाला, मांडीएवढा झाला, तरी फळी लागेना. ही सगळी माती ठेवायची कुठं? अंगण वाळूनं आणि विटांनी भरलेलं. बोळ अरुंद. ट्रॅक्टर सगळे उसावर, कारखाना बंद होईपर्यंत मिळायचे नाहीत. बरं, बाहेर फेकून द्यावी तर तेही जमेना, कारण जुन्या घराची पांढरी माती आमच्याकडं कुणी फेकत नाही. काम सुरू झालं त्याच दिवशी समोरच्या घरातले मामा आले. हे मामा नात्यातले नव्हेत, बोळातले सगळेच त्यांना मामा म्हणतात. "माती टाकून देऊ नका बरं का," ते म्हणाले, "माझं धाबं लई गळतंय. औंदा वर घालीन म्हणतो." मग आणखी दोघातिघांनी सांगून ठेवलं. कुणाला धाब्यासाठी हवी होती, कुणाला शेतात टाकायला. नवऱ्यानं सगळ्यांना शब्द दिला आणि मिस्त्रीला सांगितलं, "पुढच्या खोलीवर रचून ठेवा. ट्रॅक्टर आला की ज्याची त्याला देऊ."

पुढची खोली, म्हणजे जिच्यात आम्ही राहत होतो ती.

"अहो, खाली आपण आहोत," मी म्हणाले.

"इतकी वर्षं एवढी माती पेलली तिनं. आणखी थोडी पेलंल की."

"थोडी?"

"तू तुझं मशीन बघ."

मिस्त्रीला यात काही वावगं दिसलं नाही, मामांना दिसलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसलं नाही. चांगली माती नीट जपून ठेवली, असंच सगळ्यांचं मत पडलं. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन वर पाहिलं तर आमच्या खोलीच्या डोक्यावर आणखी एक ढीग बसलेला दिसला.

त्यानंतर मला काम सुचेना. वरून बारीक माती गळायची, आधी कधीमधी, मग रोज. एखादीचा अबोली रंगाचा ब्लाऊजपीस कापायला घ्यावा तर त्यावर पांढरी भुकटी. मी झटकून घ्यायची आणि वर बघायची. तुळई होती तिथंच दिसायची. पण ती कालच्यापेक्षा खाली आली आहे की काय, हे नुसत्या नजरेनं कसं सांगणार? मी आमच्या पाच वर्षांच्या मुलीचं अंथरूण खोलीच्या मधून भिंतीकडं घेतलं. मग भिंतच आत आली तर, असं वाटून पुन्हा मधे घेतलं. नवरा हसायचा. "आता तिला कपाटात ठेव," म्हणायचा.

एके सकाळी दार लागेना. जुनं दोन फळ्यांचं दार, आत उघडणारं. आजवर बोटानं ढकललं तरी लागायचं, ते आता वरच्या बाजूला चौकटीत घासत होतं. नवऱ्यानं सुतार बोलावून वरच्या कडेला रंधा मारून घेतला. दार लागायला लागलं आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपला. "अहो, दार वाढलेलं नाही," मी म्हणाले, "वरचं खाली आलंय." त्यावर तो म्हणाला की लाकूड फुगतं. फाल्गुनातल्या उन्हात कुठलं लाकूड फुगतं, ते त्यानं सांगितलं नाही. माझा संताप झाला होता, पण संतापापेक्षा भीती मोठी होती. भीतीनं माणूस भांडतसुद्धा नीट नाही. शेवटी मी हटूनच बसले, तेव्हा सोमवारपासून माती खाली घ्यायला सुरुवात करायचं त्यानं कबूल केलं.

त्या रविवारी मुलीच्या अंगावर फोड उठले. कांजिण्या. डॉक्टरांनी औषध दिलं, लावायचं पांढरं पाणी दिलं, घाबरू नका म्हणाले. सासूबाईंना कळलं तशा त्या येडशीजवळच्या आमच्या गावाहून मिळेल त्या गाडीनं आल्या. आल्या आल्या त्यांनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला, मुलीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि घराचा कायदा सांगितला. फोडणी द्यायची नाही. परकं माणूस आत येऊ द्यायचं नाही. मशीन बंद. मुलीला आंघोळ घालेपर्यंत उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. आणि घरात देवी असताना ठोकाठोक तर अजिबात करायची नाही. सोमवारी मिस्त्री आणि त्याची माणसं आली, त्यांना सासूबाईंनी ओट्यावरूनच परत पाठवलं.

"आत्याबाई, वरची माती तरी उतरवू द्या," मी म्हणाले. "खोली दबायला लागलीय."

"आन देवीच्या डोक्यावर कुदळ मारायची? पोरीचं काय बरंवाईट झालं म्हंजी?"

"छत आलं तर काय होईल?"

"छत आजपातुर आलं न्हाय ते आताच येतंय व्हय."

मला त्यांचा राग आला. पण रात्रंदिवस मुलीजवळ बसून त्या लिंबाच्या पाल्यानं तिचं अंग हळूहळू खाजवून द्यायच्या, तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघितलं की कळायचं, त्याही माझ्यासारख्याच घाबरलेल्या होत्या. त्यांना बाहेरची भीती होती आणि मला वरची. मधे मुलगी होती. नवरा सकाळी ड्युटीवर निघून जायचा. आईपुढं तो बोलणार नव्हता.

मग एका दुपारी आभाळ भरून आलं. किल्ल्याच्या बुरुजामागून काळं चढत होतं. मी बाहेर ओट्यावरून नवऱ्याला फोन लावला. तो कुर्डुवाडीला होता. "इकडं कोरडं आहे," तो म्हणाला, "तिकडंही नुसतं भरून येईल आणि जाईल." त्याचं बोलणं संपायच्या आत इथं थेंब पडायला लागले होते. कोरडी मातीच त्या तुळईला झेपत नव्हती. ओली झाल्यावर तिचं काय होणार, हे सांगायला कुणी शिकलेलं माणूस लागत नव्हतं.

"आत्याबाई, हिला बाहेर काढते," मी म्हणाले.

त्या उंबऱ्यात बसल्या. बसल्या म्हणजे पाय पसरून, दार अडवून. "पावसात? अंगावर देवी असताना? आदी मला वलांड."

त्यांना ओलांडायची माझी हिंमत झाली नाही. बाजूच्या वाटेनं मागं जाऊन वाळूवर घातलेली ताडपत्री मी ओढून काढली, बाहेरच्या भिंतीला शिडी लावली आणि वर चढले. ताडपत्री टाकावी, निदान पाणी तरी अडेल, एवढंच डोक्यात होतं. वर जाऊन पाहिलं. पावसाचं पाणी वाहून जात नव्हतं, माती ते पीतच होती. पुढं होऊन ताडपत्री पसरायची तर मातीवर पाय द्यायला हवा होता. तो मी देऊ शकले नाही. माझ्याच वजनानं खाली गेलं तर? वाऱ्यानं ताडपत्री हातातून सुटली आणि फडफडत बोळात पडली. मी तशीच खाली उतरले. आता सासूबाईंना ढकलून मुलीला उचलायचं, असं ठरवून दारापाशी आले तर दार बंद.

वारं आत येतं म्हणून त्यांनी लावून घेतलं होतं.

"आत्याबाई, दार उघडा."

आतून कडी काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग त्यांचा आवाज, एकदम लहान झालेला. "निघंना गं."

मी बाहेरून ढकललं. त्या आतून ओढत होत्या. दोन्ही फळ्या वरून चौकटीत घट्ट चेपल्या होत्या. मी खांद्यानं धक्का दिला तशी वरून ओल्या मातीची ढेकळं माझ्या पाठीवर पडली, आणि मी हात मागं घेतला. जोर लावावा तर छत खाली येईल, न लावावा तर त्या दोघी आत. खिडकी हातभर, तिलाही गज. मागच्या खोलीत जायचं दार काम सुरू झालं तेव्हाच विटांनी बुजवलेलं. आतून मुलगी काहीतरी विचारत होती. मला शब्द कळत नव्हते, फक्त आवाज येत होता. त्या वेळी मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मामा म्हणतात, मी फक्त "मामा, मामा" करत होते.

ते पहार घेऊन आले.

"धक्का देऊ नका, मामा. वरचं येईल."

त्यांनी एकदा वर पाहिलं. मग ते दारासमोर चिखलात गुडघे टेकून बसले आणि पहारेचं टोक दाराच्या खालच्या फळकुटात घालून हळूहळू उचकटायला लागले. खिळे करकरत निघाले. एक फळकूट सुटलं तेवढ्या फटीतून सासूबाईंनी मुलीला बाहेर सरकवलं, वाकळीत गुंडाळून, डोकं आधी. मी तिला ओढून छातीशी धरलं. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं.

"तोंडावर पदर घे तिच्या," आतून सासूबाई म्हणाल्या. "वारं लागू दिऊ नको."

त्या फटीतून त्या स्वतः मावणार नव्हत्या. मामा दुसरं फळकूट काढत होते, आणि सासूबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात आतून ते फळकूट धरून ओढत होता. तो हात दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलगी हातात आल्याबरोबर मी सुटकेचा निःश्वास सोडला होता, आणि आत अजून एक माणूस होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. दुसरं फळकूट निघालं, तशा त्या पोटावर सरपटत बाहेर आल्या. नऊवारी चिखलानं भरली होती. त्या उठल्या, माझ्या हातातून पोर घेतली आणि थेट मामांच्या घरात शिरल्या. परक्याच्या घरात, देवी अंगावर असलेली पोर घेऊन, उंबरा ओलांडून. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिघी तिथं बसून समोरच्या आमच्या छताकडं बघत होतो.

लोक विचारतात, मग पडलं का? नाही पडलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा घर जागेवर होतं. फक्त दार फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी मामांनी आणि माती सांगून ठेवलेल्या बाकीच्यांनी मिस्त्रीच्या माणसांबरोबर पाट्या भरून ती सगळी माती उतरवून नेली. तुळईला लांब चीर पडलेली निघाली, पण मिस्त्री म्हणाला चीर जुनीच असेल, आणि नवऱ्यानं तेच धरलं. मुलगी बरी झाली, अंगावर चारदोन डाग राहिले. आता दोन्ही खोल्यांवर स्लॅब आहे, दार नवं आहे, घर चांगलं झालं आहे. मी अजूनही त्या स्लॅबवर पापड वाळत घालू देत नाही. सगळे हसतात. हसू देत.

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं होतं. पंगत आतल्या खोलीत बसली. सासूबाई मात्र आपलं ताट आणि नातीला घेऊन बाहेर ओट्यावर बसल्या. नवऱ्यानं दोनदा बोलावलं, तरी "हितंच बरं हाय" म्हणाल्या. कुणीतरी नव्या दाराचं कौतुक केलं आणि नवऱ्याला विषय मिळाला. थेंबभर पावसाला घाबरून बायकोनं चांगलं दार कसं फोडायला लावलं, हे तो रंगवून सांगायला लागला. गोष्ट त्याला छान सांगता येते. सगळे पोट धरून हसत होते आणि मी वाढत होते.

"तुळई लई जोरानं वाजत हुती वर," ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, जेवता जेवता. "पोरगी इचारत हुती, आजी, वर कोन हाय. मी म्हणलं, मांजर हाय."

आतलं हसणं थांबलं.

"तू आत नव्हतास, बाबा," त्या म्हणाल्या.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं, माझं ताट वाढून घेतलं आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसले.