सुया टोचलेलं चीज

फिनलंडमध्ये मुलाकडे गेलो होतो, तेव्हा तो आम्हाला चीजच्या एका लहानशा कारखान्यात घेऊन गेला. थंड, ओलसर खोलीत चीजचे पांढरे गोल मांडून ठेवले होते आणि तिथल्या बाई त्यांना लांब सुया टोचत होत्या. त्यांचं बोलणं मुलानं आम्हाला सांगितलं, "बुरशी दुधातच घालतात. या भोकांतून हवा आत गेली, की ती निळी होऊन पसरते."

करोनातून उठल्यावर ह्यांचा डावा डोळा बुरशीनंच नेला होता. तेव्हापासून लोणच्यावर बुरशीचा ठिपका दिसला, तरी मी अख्खी बरणी टाकून देते. इथे तर तिला हवा मिळावी म्हणून धडपड चालली होती.

बाईंनी बशी पुढे केली. पांढऱ्या तुकड्यात निळ्या शिरा दिसत होत्या.

"अहो, नको," मी म्हणाले.

"अगं, ही खायची बुरशी. ती वेगळी," हे हसून म्हणाले.

वेगळी असेलही, पण माझ्या भीतीला एकच बुरशी ठाऊक होती. ह्यांचा हात बशीकडे गेला. काही व्हायचंच असेल तर आधी मला होऊ दे, असं मनात म्हणत तो तुकडा मीच चटकन उचलून तोंडात टाकला.