मोरीचा हेवा

कुंभकोणमची खाणावळ अप्पांनी धाकट्या अनंतकृष्णाच्या हाती सोपवली आणि थोरल्या सुंदररावाचा जळफळाट झाला. बी. कॉम. झालेला तो बाजूला, आणि मालक कोण, तर भांडी घासलेला!

सकाळी त्याने म्हाताऱ्या आचाऱ्याला हाक मारली, "मुरुगेसा, वाडा!" तमिळमधलं ते 'ये रे' ऐकूनही मुरुगेसन सांबार ढवळत राहिला. मग अनंतकृष्णाने आदराने "वांगो, अण्णा" म्हणताच तो पंच्याला हात पुसत आला.

"काय मंत्र घातलास रे याच्यावर?" सुंदररावाने घरच्या मराठीत टोमणा मारला.

"मंत्र कसला, दादा! लहानपणी सुट्टीत अप्पांनी मला मोरीवर बसवलं. सगळे 'वाडा' म्हणून ओरडायचे. एकटा मुरुगेसन 'वांगो' म्हणायचा, आणि त्याचीच भांडी मी आधी घासायचो."

त्याच वयात सुंदरराव गल्ल्यावर बसला होता आणि आपणच लाडके म्हणून मिरवला होता. आता त्याला भावाच्या मालकीपेक्षा त्या मोरीचाच जास्त हेवा वाटू लागला.

त्याने जाऊन वडिलांना विचारलं, "अप्पा, मला का नाही बसवलंत मोरीवर?"

"बसवलं होतं," अप्पा म्हणाले. "हात खराब होतात म्हणून रडत आईकडे पळालास."