कैद्यांची अदलाबदल

आमचं दीक्षा घेतलेलं घर आहे. भूत, अंगात येणं, नारळ ओवाळणं – असलं काही मी दारात येऊ दिलं नाही, आणि ज्यांच्या दारात येतं त्यांना तोंडावर हसले. तेव्हा मला कुणी हसलं तरी हरकत नाही. मी बोलले, सुनेनं लिहून काढलं.

माझा नवरा फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत गेला तो सापडलाच नाही. मेला असं कुणी सांगितलं नाही, कैदेत आहे असंही नाही. पुढं तिकडं धरलेले आपले कैदी सोडले तेव्हा मिलिंदला कडेवर घेऊन, दिराबरोबर मी पार सरहद्दीवर गेले. एकेक माणूस चालत आला. हा नव्हता. परत आले, लोकांच्या रानात खुरपलं, पोरगा शिकवला. रडत बसायला वेळ कुणाला होता.

आता मिलिंद अमेरिकेत कॅरीला असतो, मी त्याच्याकडे. नात संघमित्रा इथल्या नेव्हीच्या कॉलेजात. नेव्हीचं कॉलेज आणि आर्मीचं कॉलेज, ह्यांचं जुनं हाडवैर. वर्षातून एकदा फुटबॉलची मॅच, नि एरवी वर्षभर एकमेकांना शिव्या. त्यात एक रीत अशी, की दोघं आपली थोडी पोरं काही महिने समोरच्याकडे शिकायला पाठवतात. त्यांना म्हणतात कैदी. मॅचच्या आधी मैदानाच्या मधोमध आणून त्या कैद्यांची अदलाबदल करतात… हसत हसत. ह्या खेपेला मित्रा कैदी होती.

डिसेंबरात मॅचसाठी गाडीनं फिलाडेल्फियाला निघालो. वाटेतच मिलिंद म्हणाला, "आई, बाबांचं पुण्यानुमोदन करून टाकू आता." आमच्यात माणूस गेल्यावर करतात ते.

"प्रेत दाखव, मग कर."

"पन्नास वर्षं झाली. मी बापाच्या फोटोला हार घालू तरी कधी?"

"मी मेल्यावर घाल. दोघांना एकदम."

सून म्हणाली, "अहो, ड्राइव्ह करताय ना, गप बसा."

स्टेडियमात भर दुपारचं ऊन, पण थंडी हाडात शिरणारी. आम्ही वरच्या मजल्यावर. मला जवळचं दिसत नाही, लांबचं चांगलं दिसतं. मागचा एक जाडा गोरा सारखा ओरडत होता. काय म्हणतो विचारलं, तर मिलिंद म्हणाला, "ठेवून घ्या त्यांना, आम्हाला नकोत, असं म्हणतोय." आणि स्वतःही हसला. माझं डोकं फिरलं. कैदी सुटणं ही काय गंमत आहे?

नेव्हीच्या पोरांची रांग निघाली. सगळ्यांना काळे लांब कोट, पांढऱ्या टोप्या. मित्रा शेवटची. आणि तिच्या मागं आणखी एक… कोट नाही, टोपी नाही, अंगात फौजेतली हिरवी जर्सी. डावा खांदा पाडून चालत होता. त्या चालीवरून सासूबाई त्याला रोज टोकायच्या. मधली रेघ ओलांडल्यावर पोरं आपल्या लोकांकडे पळत सुटली. तो पळाला नाही. चालत गेला आणि काळ्या कोटांच्या गर्दीत शिरला. वर एकदा बघितलं नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. मॅच कोण जिंकलं मला माहीत नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मित्रा भेटली, ती कपाळाला आठ्या घालूनच.

"पप्पा, माझ्या मागे कोणाला पाठवलं होतं तुम्ही? मी लास्ट होते. कोणीतरी मराठीत बोललं, 'मागं बघू नको, चालत राहा.' नॉट फनी, ओके?"

"मी कशाला कुणाला पाठवू?" मिलिंदनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. रांगेत शेवटी मित्राच. मागं नुसतं हिरवं मैदान. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "आई, तुला काय झालं?"

"कर तुझ्या बापाचं," मी म्हटलं.

जानेवारीत केलं. भंतेजी आले, वंदना झाली. मिलिंदनं हार घातला आणि केस पिकलेला बाप्या हुंदके देऊन रडला. मी हात जोडले नाहीत.

इथल्या मराठी मंडळातल्या शिकलेल्या लोकांनी नाना कारणं सांगितली – थंडी, वय, स्टेडियमात आवाज घुमतो… घुमत असेल. एवढ्या लांब माणूस आला, जन्मात न पाहिलेल्या नातीशी बोलला. माझ्याकडे मान वर करायला त्याला काय झालं होतं, ते मात्र कुणाला सांगता येत नाही.