यीस्टवाली बाई

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण पितळेच्या कामात मी कोणाचं ऐकून घेतलं नाही. मी घडवलेला पाण्याचा गुंड, म्हणजे पितळेचा मोठा हंडा, गळायला लागला होता. "मामाजी, अर्धं पानी माह्या अंगावरच सांडते," सून रोज म्हणायची. तरी मी तो मोडीत देईना.

अड्याळच्या बसमध्ये एक बाई शेजारी बसली. पाव फुगवणाऱ्या यीस्टवर संशोधन करते म्हणाली. तिने मांडीवर रुमाल पसरला.

"काका, ही पेशीची कातडी. हिच्यात प्रथिनांची दारं असतात. दार खराब झालं की त्याला 'हे मोडायचं' अशी चिठ्ठी चिकटते."

तिकिटाचा कपटा तिने रुमालावर ठेवला. मग तो उचलून घेतला, बोटाने रुमाल आत दाबला आणि पिळून त्याची पिशवी केली.

"ही पिशवी पेशीच्या पोटात जाऊन विरघळते. त्यातूनच नवं घडतं."

"अन् चिठ्ठी काहून काढली?"

"ती पुन्हा कामी येते."

"आपलंच घडवलेलं मोडाले पेशीले काई वाटत नाही?"

ती हसली नाही. "जपून ठेवलं तर पेशीच आजारी पडते, काका."

पुढच्या थांब्यावर ती उतरली. नाव मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सून पाण्याला निघायच्या आत, मी गुंड अंगणात नेला आणि माझ्याच हातोडीने चेपला.