बैलाला परवाना लागत नाही

लालासाहेब थोरात म्हणजे अंगात किडा असलेला माणूस. उभी नोकरी पलटणीत गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. पेन्शन घेऊन शिराळ्याजवळच्या आपल्या गावी आला, पण स्वस्थ बसेल तर शपथ! शहात्तर साली मिरजेच्या भंगारातून त्यानं इंजिन आणलं, लोखंडी रूळ आणले, आणि अंगणातच ऊस गाळायचा चरक उभा केला. जीपची मागची दोन चाकं जोडणारा आसही आणला होता. तो कशाला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"आता बैलं कशाला पायजेत?" त्यानं घरात फर्मान काढलं. "खरसुंडीच्या बाजारात विकून टाकू."

विजयमाला, त्याची बायको, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. लग्नापासून लालासाहेबानं चारचौघांत तिचं नाव घेतलं नव्हतं. सगळा संसार 'अगं ए'वर चाललेला. "हौश्या-पाखऱ्या माझ्या म्हायेरचे हायती," ती म्हणाली. "दाव्याला हात तर लावून बघा!"

बैल दावणीलाच राहिले. पण येताजाता लालासाहेबाचा त्यांना टोमणा ठरलेला, "खावा, फुकटचं खावा!"

गुऱ्हाळाचा दिवस उजाडला. त्याचा आणि शेजारच्या तात्याबाचा तोडलेला ऊस अंगणात पडला होता, चुलवाणावर रस आटवायची काहील चढली होती, पोरंसोरं काकवीसाठी वाट्या घेऊन हजर. इंजिनानं पहिला धूर सोडला न सोडला, तोच साखर खात्याच्या साहेबाची गाडी दारात.

"मालक कोण?"

"मी!" लालासाहेबानं छाती पुढं काढली.

"परवाना?"

"घर माझं, ऊस माझा, चरक म्या माझ्या हातानं केलेला. परवाना कुनाचा घ्यायचा?"

साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाला चिकटलेला. "साखर कारखान्याच्या हद्दीत इंजिनाच्या चरकाला परवाना लागतो. बैलावर खुशाल गाळा." आणि इंजिनाला सील ठोकून, उद्या बघायला येतो म्हणून निघून गेला.

लालासाहेब उसाच्या मोळीवर डोकं धरून बसला. ऊस असाच राहिला तर आंबणार. त्यात शेजारचा तात्याबाही त्याच्याच शब्दावर ऊस तोडून बसलेला. "आपल्या घरात आपली सत्ता न्हाई, मग कुठं हाय?" लालासाहेब कडाडला.

विजयमालेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "सरकारनं एक हुकूम सोडला तर एवढं लागलं व्हय? तुमी घरात रोज सोडताय की! बैलं ठेवायला मला तरी कुठं परवाना हुता?"

पोरं खिदळली. लालासाहेबाला मात्र लाज वाटली, अगदी मनापासून. बायकोची नजर चुकवायला म्हणून त्यानं मान फिरवली, तर समोर तो जीपचा आस! तो टुणकन उठला. "अगं ए! बैलं आन!"

"आन न्हाई. आना म्हना."

"आना," तो हळूच म्हणाला.

मग काय विचारता! आस जमिनीत उभा पुरला, वरच्या चाकाच्या जागी लांब लाकूड आडवं बांधलं, खालचं चाक जाम करून टाकलं, मधल्या दातेरी चाकांतून निघणारा दांडा चरकाला जोडला. विजयमालेनं बैल जुंपले आणि ती स्वतःच हाकायला लागली. हौश्या-पाखऱ्या आपले निवांत फिरत होते आणि चरकाचे रूळ बैलांच्या दुप्पट वेगानं! "आयला, बैलं चालत्यात आन् चरक पळतोय की रं!" तात्याबा ओरडला. काहील भरली, गुळाचा वास थेट ओढ्यापलीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी गाळप चालूच होतं, तेवढ्यात साहेब आला. सील जागच्या जागी. त्यानं उभा आस बघितला, बैल बघितले, टोपी काढून डोकं खाजवलं. पोरांनी त्याच्या हातात गरम गुळाचा खडा ठेवला. तो तोंडात टाकून साहेब हसायला लागला.

"हे चालतंय. बैलाला परवाना लागत नाही. पण गावात गुऱ्हाळ आहे म्हणून नोंद करायला पाहिजे. मालक म्हणून तुमचंच नाव घालू ना?"

लालासाहेबानं बैलांमागं घामानं निथळणाऱ्या बायकोकडं पाहिलं. घसा खाकरला. आख्खं गाव ऐकत होतं.

"लिवा," तो म्हणाला, "विजयमाला लालासाहेब थोरात."

बैल थांबले. हाकणारीनं तोंडाला पदर लावला होता.