बोणीचा मोडेम

माझे बाबा पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. तिथल्या शेठनी एकदा त्यांच्याबरोबर बंद पडलेला कॉम्प्युटर घरी पाठवला. त्यात टाकलेल्या चोरीच्या विंडोजमध्ये व्हायरस शिरला होता. हा कॉम्प्युटर चालू करून जो ईमेल पाठवून दाखवेल, त्याला ऑफिसात नोकरी, असं शेठ म्हणाले होते. ती नोकरी मला हवी होती. कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी दिलेली, विंडोजऐवजी टाकायच्या फुकट लिनक्सची सीडी माझ्याकडे होती, आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. नोकरी लागली तर ती थांबतील, एवढंच मला कळत होतं.

बाबांना सीडीचाच संशय. "फुकट कोनी देस का वं माय? काहीतरी काळंबेरं व्हई." तरी मी लिनक्स टाकलं. ईमेलसाठी कॉम्प्युटर फोनच्या लाइनला जोडणारा मोडेम विकत घ्यायचा होता, आणि आता माझा संशय त्या मोडेमवर. सरांनी बजावलं होतं, नवे स्वस्त मोडेम अर्धं काम विंडोजकडून करून घेतात, लिनक्सशी त्यांचं जमत नाही. आणि खोक्यावर हे कुणी छापत नाही, लबाड मेले!

सुरतेत सकाळचं पहिलं गिऱ्हाईक दुकानदार रिकाम्या हाती जाऊ देत नाही, बोणी बिघडते. म्हणून कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन बाबा आणि मी लिंबायतहून कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर उघडायच्या आधीच हजर. अगरबत्ती लावून होताच दुकानदाराने मोडेमचं चकचकीत खोकं पुढे केलं. "लई जाव, बधामां चाले." म्हणे सगळ्या मशीनवर चालतो. मी समोर उभी, आणि हा सगळं बाबांना सांगतोय!

"आधी लावून दाखवा, मग बोणी," मी म्हटलं.

त्याचं तोंड पडलं. त्याने लावला, तर लिनक्सला तो मोडेम दिसेचना. दुसराही तसाच. मी निघाले तसा बोणी जाईल म्हणून तो घाबरला आणि स्वतःच्या टेबलावरचा जुना, बाहेरून जोडायचा मोडेम काढून दिला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं! तो जोडला आणि किर्रर्र करत लाइन लागली. आनंदाने मी बाबांचा हातच धरला.

मिलमध्ये मशीन लावून मी ईमेल पाठवला. शेठ आत आले तेव्हा उत्तरही आलं होतं.

"आ कोणे कर्युं?" हे कुणी केलं, शेठनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मारा छोकराए." माझ्या मुलाने!

माझा भाऊ तेव्हा बमरोलीत लूमवर कामाला होता. कॉम्प्युटरला त्याने हातही लावला नव्हता. मी सगळ्या जगावर संशय घेतला, बाबांवर घ्यायचं सुचलंच नाही. रस्ताभर रडले. "पोरले कोन ठेवस वं तठे?" एवढंच ते म्हणाले. पोरीला तिथे कोण ठेवून घेणार, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी भाऊ नव्या नोकरीवर गेला आणि दुपारीच बाबांबरोबर परत आला. मशीन पासवर्ड मागत होतं. तो मी घातला होता. भाऊ मान खाली घालून उभा राहिला. बाबांनी आवाज चढवला, "सांग."

"नही सांगत," मी म्हटलं. "शेठले सांगा, पासवर्ड टाकनारी घर बठेल शे."